कंट्रोल-एस दाबा आणि निश्चिंत व्हा

रात्रीचे साडेअकरा. सर्व्हरवरच्या एका कॉन्फिग फाइलमध्ये पोर्टचा एक आकडा बदलायचा आहे, बास. तुम्ही ब्राउझरच्या टॅबमध्ये टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलंत, सर्व्हरवरचा व्हिम नावाचा जुनापुराणा एडिटर सुरू केलात, आकडा बदललात आणि वर्डमध्ये अर्ज टाइप करून करून बोटांना लागलेल्या वळणाने कंट्रोल-एस दाबलंत. स्क्रीन गोठली. अभिनंदन! आता घाबरू नका, मी सांगतो तसं करत चला.

सर्वप्रथम तेच बटण पुन्हा दाबा. या वेळी जरा जोरात. लिफ्टचं बटण चारदा दाबल्यावर लिफ्ट लवकर येते हे आपण सगळेच जाणतो, तोच न्याय इथे. तरीही काही हललं नाही तर रोमन लिपीत ‘काय झालं रे’ असं टाइप करून बघा. स्क्रीनवर एक अक्षर उमटणार नाही, म्हणून ते कुठे गेलंच नाही असं समजा. खरं तर कंट्रोल-एसने थांबतं ते फक्त तुमच्याकडे येणारं चित्र. तुम्ही बडवलेलं प्रत्येक बटण पलीकडे इमानेइतबारे रांग लावून उभं असतं. चित्र सुरू झालं की व्हिम ती रांग हुकमासारखी वाचतं. पहिलं के, म्हणजे कर्सर एक ओळ वर. मग ए, म्हणजे इथून पुढे लिहायला सुरुवात. उरलेलं ‘य झालं रे’ थेट कॉन्फिग फाइलमध्ये, तेही चुकीच्या ओळीत. मधे एस्केप दाबून, म्हणजे लिहिणं सोडून पुन्हा हुकमांकडे वळून, तुम्ही ‘देवा’ असा धावा केला असेल तर आणखी छान: डी आणि ई मिळून पुढचा शब्द पुसतात, आणि व्ही मजकूर निवडायला घेतो. देव धावून येतो तो असा.

एवढं झालं की ऑफिसच्या ग्रुपवर ‘सर्व्हर हँग झालाय’ असा निरोप टाका. सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो, पण रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला ही आपली जुनी वैद्यकी आहे, ती सोडू नये.

कंट्रोल-एसमागची हकीकत मात्र चुकूनही वाचू नका. वाचलीत तर कळेल की एस हे इंग्रजीतलं १९वं अक्षर, आणि कंट्रोल धरून ते दाबलं की टर्मिनलकडे १९ हा आकडा जातो. १९६३ साली बाजारात आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राच्या काळात १९चा अर्थ होता ‘थांब’ (त्याचं नाव एक्सऑफ), आणि १७चा, म्हणजे कंट्रोल-क्यूचा, ‘चालू दे’. ते यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं, कागदी फीत वाचायचं, आणि त्याला मधूनमधून दम खाऊ द्यावा लागायचा. यंत्रं भंगारात गेली, पण तुमचा लॅपटॉप अजूनही त्यांचा मान राखून दम खातो. कुणी म्हणेल, ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ एवढी एक ओळ बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचणाऱ्या शेलच्या, सेटिंग फाइलमध्ये टाक, कटकट कायमची मिटेल. त्याला ‘हो, माहितीये मला’ असं म्हणा आणि टाकू नका. बॅशमध्ये कंट्रोल-आरने जुन्या कमांड मागे मागे शोधताना एखादी हातची निसटली तर पुढे यायला कंट्रोल-एसच ठेवलेलं आहे. तिथे रोज एकदा गोठण्याचं सुख त्या एका ओळीपायी जाईल.

शॉर्टकट चालला नाही की दोष एडिटरलाच द्या. मधल्या मंडळींचा विचार करू नका. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट निघतं तेव्हा भरलेलं असतं, शेवटच्या पानाशी पाकच पोचतो. तुमच्या बटणाचं तेच होतं. आधी डेस्कटॉप एक उचलतो, मग टर्मिनलची खिडकी, मग टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणारे प्रोग्रॅम), मग कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनलचा ड्रायव्हर, आणि उरलंसुरलं एडिटरच्या पानात. टीमक्स कंट्रोल-बी गिळतो, स्क्रीन कंट्रोल-ए गिळतो. व्हिममध्ये कंट्रोल-बीने एक पान वर जायला हवं, पण टीमक्सच्या आत ते दोनदा दाबावं लागतं. तुम्ही एकदाच दाबा आणि व्हिम बिघडलं म्हणा. कंट्रोल-ए कुणी वाटेत गिळलं नाही, तर ‘सगळं सिलेक्ट’ करायला ते व्हिममध्येही बेधडक वापरा. त्या ओळीत पुढे जो आकडा असेल त्यात व्हिम एकाची भर घालतं. ८०८० चं ८०८१ होतं. मग काहीच सिलेक्ट झालेलं दिसत नाही म्हणून आणखी चारदा दाबा. पोर्ट ८०८५ झाल्यावर फायरवॉलवाल्याला फोन लावा.

कंट्रोल-झेडचीही गोडी वेगळीच. चूक सुधारायला म्हणून दाबलंत की अख्खा एडिटरच अंतर्धान पावतो आणि ‘स्टॉप्ड’ असं काहीसं येतं. ते वाचू नका. ‘एफजी’ ही दोन अक्षरं टाइप केली तर तो निमूटपणे परत येतो, पण त्यात मर्दुमकी ती काय? तीच फाइल नव्या व्हिममध्ये उघडा. व्हिम मोठ्ठी सूचना दाखवेल की या फाइलची स्वॅप फाइल, म्हणजे चालू कामाची तात्पुरती नोंद, आधीच पडून आहे, कुणीतरी ती उघडून बसलंय. ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच, दहा मिनिटांपूर्वीचे. खालच्या पर्यायांतून ‘तरीही एडिट करा’ निवडा. संध्याकाळपर्यंत अशी पाच-सहा व्हिमं पाठीमागे झोपलेली असतील, आणि लॉगआउट करताना बॅश त्यांच्यावरून हटकेल तेव्हा तुम्हाला उगाच दचकायला होईल.

नॅनो हा साधा एडिटर वापरणाऱ्यांचं तसं बरं असतं. सगळे शॉर्टकट तळाच्या दोन ओळींत छापलेलेच असतात. म्हणून तिकडे बघायचंच नाही. बघितलंत तरी एक्सच्या आधीची ती छोटी टोपी म्हणजे शिफ्ट धरून ६ दाबणं, हाच अर्थ घ्या. फाइलमध्ये टोप्या आणि एक्स साठत जातील, बाहेर मात्र पडता येणार नाही. ‘एम-यू’ दिसलं तर कीबोर्डवर एम शोधा. तो एम मेटाचा, म्हणजे आजच्या कीबोर्डवर बहुधा ऑल्टचा, हे कुणी सांगू लागलं तर विषय बदला. आणि फाइलमध्ये शब्द शोधायला नॅनोत कंट्रोल-डब्ल्यू असतं, ते ब्राउझरमधल्या टर्मिनलात अवश्य दाबा. टॅबच बंद होतो. शोध संपला.

व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१२ साली विचारला गेला आणि मे २०१७पर्यंत तो दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. तुम्ही एकटे नाही. बिल जॉयने १९७६च्या सुमारास व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्यासमोरच्या टर्मिनलवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीच्या टप्प्यात. बाणही एच, जे, के, एल या बटणांवरच छापलेले होते. आता एस्केप कोपऱ्यात गेलंय. मधली काही वर्षं मॅकबुकच्या काही मॉडेलांवरून ते खरं बटण म्हणून गायबच झालं होतं. त्याऐवजी कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस चालतो, पण तो लक्षात ठेवण्यापेक्षा कोपऱ्यापर्यंत हात न्या, तेवढाच व्यायाम.

आपल्याला तर मराठीची जोड आहे. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू ठेवून व्हिममध्ये शिरा. लिहायला सुरुवात करायला आय दाबाल तर ग निघतो, आणि व्हिमला गशी काही देणंघेणं नसतं. सेव्ह करून बाहेर पडायला ‘कोलन डब्ल्यू क्यू’ असं मोठ्या आशेने टाइप कराल तर छ आणि त्याच्यामागे ऐकार-औकाराच्या दोन मात्रा येतात. फाइल सेव्ह होत नाही, पण अभिजात भाषेच्या दर्जाला बाधाही येत नाही. कीबोर्ड इंग्रजीत आणायचा विचार मनात आला तर तो दाबून टाका.

आणि निदान? ते सोपं असल्यामुळेच टाळायचं. शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग हवं ते बटण दाबलं की टर्मिनलकडे नक्की काय पोचतंय ते दिसतं. ‘एसटीटीवाय -ए’ म्हटलं की ड्रायव्हरने कोणकोणती बटणं स्वतःकडे राखून ठेवलीत त्याची यादी येते. व्हिममध्ये ‘व्हर्बोज मॅप’ विचारलं तर कुठल्या फाइलने शॉर्टकट बळकावला तेही कळतं. टॅब आणि कंट्रोल-आय बहुतेक टर्मिनलांच्या दृष्टीने एकच, एंटर आणि कंट्रोल-एमही एकच, शिफ्ट घालून केलेलं कंट्रोल-एस आणि साधं कंट्रोल-एस यांत फरकच नाही, हे सगळं पाच मिनिटांत उमगेल. मग उरलेल्या रात्रीचं काय करणार? त्यापेक्षा कुणीतरी २००९ साली लिहिलेल्या ४० ओळी आपल्या सेटिंग फाइलमध्ये चिकटवा. त्यांतली एक टॅबला काहीतरी नवं काम लावते, आणि पूर्वीच्या जागेवरून पुढे उडी मारणारं कंट्रोल-आय त्या दिवसापासून मुकं होतं. दोघांचा संबंध लावत बसा.

इतकं करूनही स्क्रीन गोठलेलीच असेल तर शेवटचा उपाय: ऑफिसातल्या मुरलेल्या दादांना व्हिडिओ कॉल लावा. टर्मिनलच्या शेजारच्याच टॅबमध्ये. दादा जांभई देत म्हणतील, “अरे, एक्सऑफ लागलंय. कंट्रोल-क्यू दाब.” उपाय शंभर टक्के बरोबर आहे. फक्त लिनक्सवरच्या काही ब्राउझरांत कंट्रोल-क्यू म्हणजे अख्खा ब्राउझर बंद. तो सभ्यपणे एकदा विचारतो, सगळे टॅब खरंच बंद करू का? तोवर तुम्ही, इतका वेळ शिकलात त्याप्रमाणे, न वाचता एंटर दाबलेलं असतं.