खोडदची दुर्बीण आणि जुन्नरची रेंज : एका दाव्याचा प्रतिवाद

पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा मूळ मार्ग पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या, अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीला (जीएमआरटी) बाधा येईल म्हणून बाजूला पडला, तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक संदेश फिरतो आहे. दुर्बिणीमुळे जुन्नर-आंबेगावात मोबाइल टॉवर येत नाहीत, वास्तविक मोबाइलची फ्रिक्वेन्सी वेगळी असल्याने दुर्बिणीला त्रास होण्याचे कारण नाही, आणि होत असेलच तर दुर्बीण दुसरीकडे हलवावी, असा त्याचा आशय आहे.

पहिली गोष्ट, टॉवर येत नाहीत हे खरे नाही. नारायणगाव, मंचर, आळेफाटा येथे टॉवर उभे आहेत आणि बाजार समितीतले व्यवहार मोबाइलवरच चालतात. उलट दुर्बिणीचे अद्ययावतीकरण करताना शास्त्रज्ञांनीच 850 ते 1050 मेगाहर्ट्झ हा पट्टा मुख्यतः मोबाइलच्या गोंगाटामुळे वगळला. पश्चिमेकडच्या आदिवासी खोऱ्यांत रेंज मिळत नाही ही तक्रार रास्त आहे; पण सह्याद्रीतल्या ज्या गावांच्या आसपास कुठलीही दुर्बीण नाही, तिथेही हीच तक्रार ऐकू येते.

फ्रिक्वेन्सीचा मुद्दा वरवर पटण्यासारखा असल्यामुळे तो नीट तपासायला हवा. हायड्रोजनच्या अणूकडून येणारी लहर 1420 मेगाहर्ट्झची असते आणि तिच्यासाठी 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर राखून ठेवलेला आहे. मात्र विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकांची (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची) हीच लहर ताणली जाऊन खालच्या फ्रिक्वेन्सीवर पोहोचते. सुमारे 7 अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर आज 800 मेगाहर्ट्झच्या आसपास सापडते, आणि 2022च्या मोबाइल लहरींच्या (स्पेक्ट्रम) लिलावात विकल्या गेलेल्या 700 मेगाहर्ट्झ बँडमधले (पट्ट्यातले) टॉवर 758 ते 803 मेगाहर्ट्झवर बोलतात. म्हणजे एक राखीव पट्टा सोडला की दुर्बिणीचे भागते, असे होत नाही. चंद्रावर एखादा मोबाइल सुरू ठेवला तर तो रेडिओ आकाशातल्या सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक ठरेल, इतके हे अवकाशातले संकेत क्षीण असतात. गोंगाट गाळणाऱ्या यंत्रणा आहेत, पण गोंगाटासोबत त्या निरीक्षणाचा तेवढा भागही टाकून देतात. शिवाय उपद्रव केवळ टॉवरचा नसतो. विजेच्या तारांवरचा तडकलेला इन्सुलेटर (तार खांबापासून अलग ठेवणारा वीजरोधक) किंवा सैल जोड यांतून उडणाऱ्या ठिणग्याही निरीक्षण बिघडवतात, आणि तिथे दुरुस्ती केली तर शेतकऱ्याच्या वीजपुरवठ्याचेही भलेच होते.

दुर्बीण हलवण्याची सूचना करणाऱ्यांनी ती एकदा प्रत्यक्ष पाहावी. ती एक इमारत नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यांपैकी 14 सुमारे एक किलोमीटरच्या चौरसात आणि उरलेल्या 16 तीन दिशांना, असा हा पसारा सुमारे 25 किलोमीटरवर आहे. भोवतालच्या डोंगरांचा आडोसा आणि अनुकूल अक्षांश पाहून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली होती.

या संदेशात सर्वांत महत्त्वाची बाब सुटली आहे. या तिसांही अँटेनांचे संकेत खोडदच्या केंद्रात ऑप्टिकल फायबरने येतात, कारण फायबरमधून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. ज्या तंत्रावर दुर्बीण स्वतः चालते, तेच गावोगावच्या शाळा, दवाखाने आणि घरांपर्यंत नेले तर वेगवान इंटरनेटही मिळेल आणि दुर्बिणीभोवतीची शांतताही टिकेल. टॉवरच्या बाबतीतही होय किंवा नाही एवढेच पर्याय नसतात. जागा डोंगराच्या कोणत्या बाजूला आहे, अँटेनाचे तोंड कुठे आहे, उंची, शक्ती आणि बँड कोणता आहे, यावर उपद्रव कमी-जास्त होतो. परवानगीचा अर्ज आल्यावर हे प्रश्न काढण्याऐवजी तालुक्याच्या विकास आराखड्यातच टॉवरच्या जागा नकाशावर दाखवल्या, आणि रस्ता खोदतानाच फायबरची नळी टाकणे बंधनकारक केले, तर कंपनी, ग्रामपंचायत आणि दुर्बीण या तिघांनाही आधीपासून माहिती राहील.

रेल्वेबाबतचे दुःख मात्र मी नाकारणार नाही. विद्युत गाडीचा पेंटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) आणि तार यांच्यातल्या ठिणग्यांचा धोका खरा आहे, पण त्याची किंमत ज्या तालुक्यांनी मोजली त्यांना देशाने काय दिले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे आणि सुरुवात याच गावांना सर्वांत आधी फायबर देण्यापासून करता येईल.