‘सोनं मऊ असतं, बोटाला काही होत नाही’: एका फॉरवर्डला टर्नरचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: आयटीआयच्या बॅचचा, सोसायटीचा आणि भावकीचा. ‘कामावर अंगठी काढायला लावतात? हे वाचा!’ असा मथळा. मजकुराचं सार असं: अंगठी, कडं, बांगड्या काढायला लावणं हे परदेशी कंपन्यांचं खूळ, आपल्या वाडवडिलांनी दागिने घालूनच कष्ट केले. सोनं मऊ असतं, ताण आला की अंगठी उघडते आणि बोट वाचतं. हातमोजे घातले की काळजीच नाही. तांब्याची अंगठी असली की शॉक जमिनीत जातो. अडकलीच तर साबणाने निघते. आणि सौभाग्याचं लेणं उतरवणं अशुभ. खाली नेहमीचं, ‘दहा जणांना पाठवा’.

मी टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा; लेथ हे धातूचा तुकडा फिरवत कापून त्याला आकार देणारं यंत्र. आधी भोसरी, मग चाकण, मिळून 30 वर्षं लेथसमोर उभा राहिलोय. दहा जणांना पाठवण्याऐवजी उत्तर लिहितोय.

सोन्यापासून सुरुवात करतो, कारण लोकांना सगळ्यात जास्त पटलेला मुद्दा तोच. भावकीच्या ग्रुपवर एका काकांनी त्याखाली ‘शंभर टक्के खरं, सोनाराला विचारा’ असं लिहून थम्स-अपची तीन चित्रं टाकली. ठीक आहे, हिशेबच करू. अंगठीचा पट्टा अडीच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड धरा. बोटाच्या मापाचा असा 22 कॅरेटचा वेढा साधारण 4 ग्रॅमचा भरतो, म्हणजे लग्नात जावयाला घालतात त्यातला हलकाच. हे सोनं तापवून मऊ केलेलं असलं तरी दर चौरस मिलिमीटरला सुमारे 20 किलोचा ताण सोसतं. अंगठी खेचली जाते तेव्हा तो ताण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंवर वाटला जातो, म्हणजे साडेसात चौरस मिलिमीटरवर. गुणाकार केला की 150 किलो येतात. तुमचं वजन किती? 70? टेम्पोच्या फाळक्याच्या कडीत अंगठी अडकली आणि तुम्ही खाली उडी मारलीत, तर तुटायची पाळी अंगठीवर येण्याआधी बोटाची कातडी गेलेली असते.

मऊ म्हणजे वाकणारं, तुटणारं नव्हे. सोनाराला विचाराच, तोही हेच सांगेल. वाकण्याचाही फायदा नाही. जड जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) हातावर आपटला की गोल अंगठी चपटी होते आणि बोटालाच चिमटा घेते. आणि हा झाला सोन्याचा हिशेब. शनीसाठी घोड्याच्या नालेची अंगठी घालणारे आमच्या खात्यात कमी नव्हते. रक्षणासाठी म्हणून घातलेली ती अंगठी सोन्यापेक्षा कितीतरी चिवट.

बोटाचं नेमकं काय होतं, ते सांगताना लोक ‘बोट तुटतं’ एवढ्यावर थांबतात. तुटणं परवडलं असं वाटावं, असा प्रकार असतो तो. अंगठी एका जागी अडकते, शरीराचं वजन पुढे जातं आणि हातमोजा उलटा काढावा तशी कातडी हाडावरून सोलून निघते, सोबत नसा आणि रक्तवाहिन्या. डॉक्टर याला रिंग अ‍ॅव्हल्शन म्हणतात. अर्बानियाक नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने 1981 साली त्याचे तीन वर्ग पाडले: रक्तपुरवठा शाबूत असलेलं बोट, तो अपुरा पडलेलं बोट, आणि पूर्ण सोललेलं किंवा तुटलेलं बोट. तिसऱ्या वर्गात कुशल सर्जनही पुष्कळदा बोट काढून टाकण्याचा सल्ला देतात. कारण साधं आहे. कोयत्याने तुटलेल्या बोटातली रक्तवाहिनी सरळ कापलेली असते, टोकाला टोक शिवता येतं. ओढून तुटलेली रक्तवाहिनी आतून लांबपर्यंत फाटलेली असते, दोरा ताणून तोडला की टोकाला कुसळं निघतात तशी. मग दुसरीकडची शीर काढून मधे जोडावी लागते, आणि तरीही भरवसा नसतो.

याला कारखानाच लागतो असंही नाही. अमेरिकेतला टीव्हीवरचा विनोदी सूत्रसंचालक जिमी फॅलन 2015 मध्ये न्यूयॉर्कला स्वतःच्या घरात सतरंजीवर अडखळला. पडताना ओट्याला हात लावायला गेला आणि लग्नाची अंगठी तिथे अडकली. सहा तासांची शस्त्रक्रिया आणि दहा दिवस अतिदक्षता विभाग, हे त्यानेच कार्यक्रमात सांगितलं. बोट वाचलं. त्याच्या शहरात सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ हाताशी होते. पळसदेवसारख्या गावातल्या वीटभट्टीवर ते नसतात.

आता ‘जपून काम करणाऱ्याला काही होत नाही’ हे. मेसेजमध्ये हे वाक्य तीनदा आहे, वेगवेगळ्या शब्दांत. लेथवर जॉब पकडून फिरवणारा 8 इंची चक 600 आरपीएमवर फिरतोय, म्हणजे सेकंदाला दहा फेरे. चकच्या कडेचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटर पडतो. काहीतरी अडकलंय हे मेंदूला कळून हात मागे ओढायला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात चकने सव्वा मीटर खेचलेलं असतं. तुमचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पाऊण मीटरचा. जपणं वगैरे त्या पाचव्या हिश्शाच्या आधीचं असतं, नंतरचं नाही.

हातमोज्याचा मुद्दा ज्याने लिहिला, त्याने फिरत्या मशीनसमोर कधी पाऊल ठेवलेलं नसावं. लेथवर, ड्रिलवर हातमोजा घालायचा नाही, हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. कारण अंगठीपेक्षा हातमोजाच आधी गुंडाळला जातो. आमच्या शॉपमध्ये एका हेल्परने ड्रिलची लांब बर, म्हणजे भोक पाडताना निघणारी धातूची धारदार पट्टी, हाताने काढायला घेतली होती, कापडी मोजा घालून. बर मोज्यात घुसली आणि मोज्याने हात नेला. शेजारच्याने बटण दाबलं म्हणून मनगटावर निभावलं. त्याच्या बोटात अंगठी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. फिरत्या स्पिंडलला, म्हणजे यंत्राच्या दांड्याला, पकडायला काहीही चालतं: मोजा, सैल बाही, मनगटावरचा गंडा. नायलॉनचा गंडा तर सहज तुटतही नाही. गावाकडे कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि रसवंतीचा चरक यांच्यासमोर पाटल्या आणि पदर यांचं तेच. काचेची बांगडी निदान फुटते.

‘परदेशी कंपन्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: 2025 पर्यंत लागू असलेला आपला कारखाने अधिनियम 1948 चा होता. त्याच्या 22व्या कलमात चालू यंत्रापाशी जाणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, आणि ते मालकाने पुरवावेत, असं म्हटलं होतं. तिथे रोख सैल कपड्यांवर होता, पण अंगठीमागचं कारण तेच.

तांब्याच्या अंगठीचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. बाकीचे दावे निष्काळजी करतात, हा माणसाला निर्धास्त करतो. शॉक जमिनीत जायचा तर अंगठीपासून जमिनीपर्यंत वायर लागते. ती नसेल, तर ती वायर म्हणजे तुम्ही. कोरडी कातडी विजेला थोडाफार विरोध करते. घामेजलेल्या बोटावर घट्ट बसलेला धातू तोही कमी करतो. 230 व्होल्टच्या बोर्डात हात घालणाऱ्याचं संरक्षण रबरी मोजा करतो, मेन स्विच बंद करणं करतं, 30 मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विच करतो. तांबं करत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत उघड्या विद्युतभारित भागांजवळ अंगठी, घड्याळाचा पट्टा, गळ्यातली साखळी यांना नाव घेऊन मनाई आहे, ती ते वीजवाहक आहेत म्हणूनच.

आणि शॉकच लागायला हवा असंही नाही. गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी 12 व्होल्टची. कोरड्या हाताला तिचा शॉक जाणवतही नाही, म्हणून मेकॅनिक बिनधास्त असतात. पण पाना धन टर्मिनलवर आहे, अंगठी पान्याला टेकली आहे आणि तिची दुसरी कड बॉडीला लागली, की त्या चिमुकल्या वेढ्यातून शेकडो अँपिअर वाहतात. सोनं उत्तम वाहक, क्षणात तापतं. भाजतं ते बोटाभोवती गोल, आणि तापलेली अंगठी काढायला दुसऱ्या हाताची बोटं लागतात. इन्व्हर्टरमध्ये पाणी घालताना किंवा टर्मिनल आवळताना अंगठी न काढणारे घराघरात आहेत.

वाडवडिलांचं म्हणाल तर त्यांची यंत्रं वेगळी होती. हाताने ओढायचं जातं हात थांबला की थांबतं. बैल हाक मारली की थांबतो. तीन फेजची मोटर कुणाचं ऐकत नाही. शिवाय तेही सरसकट दागिने घालून कामाला बसत नसत. पैलवान तालमीत उतरताना अंगठी काढतो. आमची आई कणीक मळायच्या आधी अंगठी काढून फळीवर ठेवायची किंवा पदराच्या गाठीत बांधायची. सोनारसुद्धा फिरत्या ब्रशवर साखळी सुटी धरत नाही, लाकडाच्या फळीवर ताणून धरतो. सुटी साखळी ब्रशने ओढली की बोटं सोबत जातात, हे त्याला ठाऊक असतं.

अशुभाबद्दल मी वाद घालणार नाही. तो ज्याचा त्याचा. फक्त आपल्याकडे गोंदणही आहे, आणि गोंदण कशात अडकत नाही. सिलिकॉनच्या अंगठ्या मिळतात, ताण आला की त्या तुटतात. मेसेजमध्ये सोन्याला जो गुण चिकटवलाय तो त्यांच्यात खरोखर आहे. पण फिरत्या मशीनवर मी त्याही काढायला लावतो. गळ्यात साखळीला अडकवून ठेवणं हा उपाय नव्हे, तो पत्ता बदलणं झालं.

राहिला साबण. हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर ‘शंभर टक्के खरं’वाल्या काकांचा रात्री फोन आला. आवाज खाली घेऊन म्हणाले, ‘अरे, माझी 12 वर्षं निघालीच नाही. साबण लावून झालं, तेल लावून झालं.’ त्यांना दोऱ्याची रीत सांगितली: हात थोडा वेळ वर धरायचा, गार पाण्यात बुडवायचा. बारीक दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढायचं, उरलेला दोरा अंगठीपासून पेराच्या पुढपर्यंत घट्ट, लागून लागून गुंडाळायचा. मग तळहाताकडचं टोक बोटाच्या शेंड्याकडे ओढत उलगडायचं, अंगठी वेढ्यांवरून सरकत येते. बोट मोडलं, कापलं किंवा निळं पडलं असेल तर हे प्रयोग करायचे नाहीत, सरळ दवाखाना. आणि हाताला मार बसला की सूज चढायच्या आधी, पहिल्या मिनिटातच अंगठी काढायची.

काकांची दोऱ्यानेही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सोनाराने कातरीने पाच मिनिटांत कापली. माप दोन नंबरने वाढवून जोडायला टाकली आहे.