सरासरी ४१ सेकंद

आमच्या मुलीची शाळा घरापासून दीड किलोमीटरवर. फाटक ७.४५ ला बंद होतं. आम्ही ७.२५ ला स्कूटरवर निघतो, ७.३० ला शाळेजवळच्या चौकात पोहोचतो आणि ७.४४ ला मी "पळ, पळ!" असं ओरडत असतो. मधला सगळा वेळ त्या एका सिग्नलने खाल्लेला असतो. हिरवा होतो, लाल होतो, पुन्हा हिरवा होतो, आणि आमच्या पुढची व्हॅन जागची हलत नाही. तेवढ्या वेळात लेक पाठीमागे बसून सतराचा पाढा म्हणून घेते. ती गणितात हुशार आहे याचं श्रेय बाई स्वतःकडे घेतात, ते चूक आहे.

एका रविवारी मी हे गाऱ्हाणं मेहुण्यापुढे मांडलं. मेहुणा सिव्हिल इंजिनिअर, त्यातून रस्तेवाला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "दाजी, नुसती बोंब मारून काही होत नाही. डेटा काढा."

मग त्याने वर्तमानपत्राच्या समासात मला शिकवायला घेतलं. वेबस्टर नावाच्या इंग्रज माणसाने १९५८ साली सिग्नलचं सूत्र मांडलं. सिग्नल बदलताना जो वेळ वाया जातो त्याची दीडपट करायची, त्यात पाच मिळवायचे, आणि एकातून रहदारीचा भार, म्हणजे चौकाच्या क्षमतेचा किती हिस्सा भरला तो, वजा करून उरेल त्याने भागायचं, की सिग्नलची एक फेरी किती सेकंदांची हवी ते येतं. "आणि भार वाढत वाढत एकाला टेकला तर?" मी विचारलं. "तर उत्तर अनंत," तो म्हणाला. हे मला सूत्राशिवायही ठाऊक होतं.

वाया जाणारा वेळ म्हणजे मुख्यतः हिरवा झाल्यावर पहिल्या गाडीला भानावर यायला लागणारे दोनेक सेकंद. हे वेबस्टरच्या देशात ठीक आहे. आमच्या चौकात पहिली दहा वाहनं पांढऱ्या रेषेच्या इतकी पुढे उभी असतात की सिग्नल त्यांच्या पाठीमागे जातो. त्यांना दिवा दिसतच नाही. हिरवा झाल्याची बातमी त्यांना मागच्यांच्या हॉर्नवरून कळते, आणि मागचे हिरवा व्हायच्या पाच सेकंद आधीपासून हॉर्न वाजवत असल्यामुळे त्या बातमीवर कुणाचा विश्वास नसतो.

दुचाकी म्हणजे अर्धी मोटार धरायची, असाही हिशोब असतो म्हणे. आमच्यापुढे रोज एक स्कूटर असते. तिच्यावर एक आई, दोन मुलं, तीन दप्तरं आणि त्या दिवशी थर्माकोलचा ज्वालामुखी होता. तिला अर्धी म्हणायची माझी छाती झाली नाही.

एकच गोष्ट मनापासून पटली. इंजिनिअर लोक गर्दीच्या तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे करतात आणि गर्दी चारही तुकड्यांत सारखी वाटली गेली आहे का ते बघतात. ऑफिसची गर्दी तासभर पसरते. शाळेची सगळी एकाच तुकड्यात कोंबलेली असते, कारण प्रत्येक आईबापाने "पाच मिनिटं आधी पोहोचलं की झालं" असंच ठरवलेलं असतं, आणि सगळ्यांची ती पाच मिनिटं एकच असतात.

मोजायची पद्धत मात्र सोपी निघाली. दर १५ सेकंदांनी किती वाहनं उभी आहेत ती मोजायची, सगळ्या आकड्यांची बेरीज करून १५ ने गुणायचं, आणि त्या वेळात आलेल्या एकूण वाहनांनी भागायचं. दर वाहनामागे खोळंबा किती, ते सेकंदांत निघतं. "उभं कुठे राहणार? उडवेल कोणीतरी," म्हणून मेहुण्याने त्याचं साइटवरचं भगवं चकाकतं जॅकेट मला दिलं.

बुधवारी लेकीला शेजारच्या वहिनींबरोबर पाठवलं आणि बँकेत अर्धी रजा टाकून मी वही, पेन, जॅकेट अशा थाटात दुभाजकावर उभा राहिलो. ७.२५ ला पहिला आकडा लिहिला. ७.२७ ला पोहेवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी गल्लीत ओढून नेली. रोज वळणावरच मुलं उतरवणारे व्हॅनवाले काका निमूटपणे पुढे जाऊन थांबले. हँडलला लटकणारी हेल्मेटं डोक्यावर चढली. आणि डोळ्यांवर विश्वास बसेना, पण पांढरी रेषा मला पहिल्यांदाच सबंध दिसली! एक आजोबा रस्ता ओलांडून आले. "पाण्याचं प्रेशर कधी वाढणार?" मी म्हटलं, मी पाण्याचा नव्हे. "तुमचं नेहमीचंच," असं म्हणून ते गेले. एका गृहस्थाने काच खाली करून हळूच विचारलं, "साहेब, रस्ता रुंद होतोय का? फ्लॅट आत्ता विकू की थांबू?" मी "थांबा" म्हटलं. सिग्नल लाल होता.

वीस मिनिटांत ३०० वाहनं आली. उभ्यांची बेरीज ८२०. गुणिले १५, भागिले ३००. सरासरी ४१ सेकंद.

मेहुण्याला फोन केला. अमेरिकेत खोळंब्यावरून सिग्नलला ए ते एफ अशा श्रेणी देतात. ८० सेकंदांच्या वर गेला की एफ, म्हणजे नापास. माझा चौक डी मध्ये आला होता. "अहो, भर गर्दीत डी म्हणजे छानच की, दाजी. तक्रार कशाची आहे तुमची?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आकडा सांगितला. सेक्रेटरी काकांनी चष्म्यावरून बघितलं. "एक्केचाळीस सेकंदांसाठी तुम्ही दोन वर्षं कुरकुरताय?" घरी बायको म्हणाली, "मी रोज सांगते, सव्वासातला निघा." माझाच आकडा माझ्या विरुद्ध साक्ष देत होता.

गुरुवारी साध्या शर्टात गेलो. आठ मिनिटं अडकलो, पाढे एकवीसपर्यंत गेले. शुक्रवारी जॅकेट घालून उभा राहिलो आणि चौक वाहता झाला. सेक्रेटरी काका फिरायला निघाले होते, त्यांनी हे सगळं पाहिलं आणि तिथल्या तिथे ठराव केला.

तेव्हापासून लेक वहिनींबरोबर जाते, ७.३५ लाच वर्गात असते, आणि बँकेत मला लेट मार्क लागतो. वहीत मी काही मोजत नाही. परवा एका पानावर 'तूरडाळ १ किलो, साबुदाणा, आईची बीपीची गोळी' असं लिहीत होतो, तर ते पाहून एका रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेतली.

काल त्या ज्वालामुखीवाल्या मुलांचा बाबा भेटला. स्कूटर माझ्यापाशी हळू करत अदबीने म्हणाला, "साहेब, तुम्ही शनिवारी असता का?"

"का हो?"

"नाही, हेल्मेट आणायचं की नाही ते ठरवायला."