ड्रॅक्युला म्हणजे व्लाद राजा नव्हे

“ड्रॅक्युला खरोखर होऊन गेला. रुमेनियाचा राजा व्लाद माणसांना सुळावर चढवून त्यांचं रक्त प्यायचा. त्याच्या ब्रान किल्ल्यावरून ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहिली. व्हॅम्पायर उन्हात जळतो ही तिथली हजारो वर्षांची समजूत. आणि मुळात व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळच.” हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. त्यातलं सुळाचं तेवढं खरं आहे.

आधी व्लाद. स्टोकरची टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. ती १८९० मध्ये सुरू होतात आणि त्यांत खलनायकाचं नाव आहे ‘काउंट वॅम्पायर’. म्हणजे पात्र आधी आलं, नाव नंतर. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या व्हिटबी गावी त्याने विल्किन्सनचं वालेकिया आणि मोल्डेव्हिया या रुमेनियाकडच्या जुन्या संस्थानांवरचं १८२० चं पुस्तक वाचलं. तिथल्या भाषेत ‘ड्रॅक्युला’ म्हणजे सैतान, अशी एक तळटीप त्यात होती. ती त्याने उतरवून घेतली. ‘व्लाद’ हे नाव किंवा सुळाचा उल्लेख टिपणांत कुठेच नाही. कादंबरीत तुर्कांशी लढलेल्या ड्रॅक्युला नावाच्या सरदाराचा उल्लेख येतो, पण काउंट स्वतःला सेकेली, म्हणजे ट्रान्सिल्व्हानियातल्या हंगेरियन भाषिक वंशाचा म्हणवतो, आणि व्लाद सेकेली नव्हता. ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली ती १९७२ मध्ये मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू या इतिहासकारांच्या पुस्तकामुळे.

ब्रान किल्ल्याचं थोडक्यात सांगता येईल. स्टोकर रुमेनियाला कधी गेलाच नाही. कादंबरीतला किल्ला उत्तरेकडच्या बोर्गो खिंडीजवळ आहे, ब्रान दक्षिणेला ब्रशोवजवळ.

उन्हाचंही तसंच. कादंबरीतला काउंट लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. शेवटी तो मरतो तो गळ्यावर आणि छातीवर बसलेल्या दोन सुऱ्यांनी, आणि त्यातली एक आहे कुकरी. उन्हाने मरण दिलं ते १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने.

या मजकुराचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. एका राजाला पुढे करून तो खेड्यातल्या ज्या माणसांनी ही भीती प्रत्यक्ष भोगली, त्यांना पुसून टाकतो. तुर्कांशी झालेल्या १७१८ च्या तहानंतर उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिथल्या गावांत काय चाललंय याचे अहवाल व्हिएन्नाला जाऊ लागले. १७२५ मध्ये किसिलयेवो गावात पेटार ब्लागोयेविच मेला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसं गेली. ‘पेटार झोपेत येऊन अंगावर बसला, गळा दाबला’ असं ती मरताना सांगत होती. गावकऱ्यांनी फ्रोमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, वरून परवानगी येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, तोवर गाव उरणार नाही, आम्ही घरंदारं सोडून जातो. थडगं उकरलं. जुनी कातडी सुटून खाली नवी दिसत होती, नखं वाढलेली, तोंडात ताजं रक्त. छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळलं. यात चूक झाली असेल तर ती माझी नाही, भीतीने बेभान झालेल्या जमावाची आहे, असं फ्रोमबाल्डने अहवालाच्या शेवटी लिहिलं.

आज आपल्याला माहीत आहे की प्रेत कुजताना वायूने फुगतं, काळपट द्रव तोंडातून येतो, वरची कातडी सुटते. त्या गावकऱ्यांनी पाहिलं ते खरंच होतं, त्याचा अर्थ तेवढा त्यांनी भीतीपोटी लावला. त्यांचा व्हॅम्पायर फिकट, देखणा सरदार नव्हता. तो लालबुंद, फुगलेला, कफनातला शेजारी होता.

गॉथिक, म्हणजे गूढ-भयाच्या साहित्याशी धागा जुळतो तो इथे. १७३२ मध्ये लष्करी शल्यवैद्य फ्लूकिंगरने अर्नोल्ड पाओले या सर्बियातल्याच, मेल्यावर व्हॅम्पायर ठरवल्या गेलेल्या माणसाच्या प्रकरणाचा अहवाल दिला आणि त्याच वर्षी ती हकिकत लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचली. पोलिदोरी या इंग्रज डॉक्टर-लेखकाची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा १८१९ मध्ये छापली गेली तेव्हा तिच्या प्रस्तावनेत पाओलेचीच हकिकत होती. शेजाऱ्याचा लॉर्ड केला तो पोलिदोरीने. पुढे ले फानू या आयरिश लेखकाच्या ‘कार्मिला’ या व्हॅम्पायरकथेत शाही आयोगाचा अहवाल येतो, तोही याच कागदपत्रांच्या थाटाचा. ती कथा ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात घडते, आणि स्टोकरनेही आधी स्टिरियाच निवडला होता.

राहिला वेताळ. ही गल्लत बर्टन या इंग्रज लेखकाची. त्याने १८७० मध्ये वेताळकथांच्या इंग्रजी पुस्तकाला ‘विक्रम आणि व्हॅम्पायर’ असं नाव दिलं. त्या कथांतला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो, पण राजाचं रक्त पीत नाही. आणि कोकणात तर तो गावाचा राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चपला वाहतात, कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. किसिलयेवोचे लोक ज्याच्या भीतीने गाव सोडायला निघाले होते, तो हा नव्हे.