घमेल्याचं वजन

काल रेशनच्या मशीनने माझा अंगठा चार वेळा नाकारला. पाचव्यांदा टेकवला, तर मागून आवाज आला, "माणूसच बोगस असेल!"

आधी अंगठ्याचं सांगतो. ई-पॉस मशीनची ती एवढीशी काच दिवसभर गावाचे अंगठे झेलते, तिच्यावर पिठाचा आणि घामाचा थर बसलेला असतो. ती पुसून घ्यायला सांगावं. बोट कोरडं ठाक असेल तर रेषा उमटत नाहीत, ओलं असेल तर एकमेकींत मिसळतात. जोर लावला की चपट्या होतात, आणि चार वेळा नकार मिळालेला माणूस हमखास जोरच लावतो. भांडी घासणाऱ्यांच्या, विटा उचलणाऱ्यांच्या रेषा झिजूनच गेलेल्या असतात. म्हणजे योजना ज्यांच्यासाठी, नेमकं त्यांनाच मशीन ओळखत नाही. अंगठाच पाहिजे असंही काही नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. माझं करंगळीशेजारचं चाललं. देवाला गंध लावायचं बोट, तेच शेवटी सरकारलाही पटलं.

आता मागून बोलले ते गृहस्थ. ते रांगेत नव्हतेच. हातात पिशवी नाही, कार्ड नाही. धान्य सुटलं की ते दर महिन्याला ओट्यावर येऊन बसतात, आपल्या कराचा पैसा कुठे जातो ते बघायला. तपासणीची पद्धत ठरलेली: आधी चप्पल, मग मोबाइल, मग बायकांच्या कानात काय आहे ते.

"ही बघा, स्कूटीवरून आली फुकटचे गहू न्यायला!"

"काका, स्कूटी चालते. चारचाकी चालत नाही. टॅक्सी चालवून पोट भरत असेल तर तीही चालते."

"आणि बुलेट?"

"तिला दोनच चाकं."

"साइडकार लावली तर?"

साइडकार लावून रेशनला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण काकांनी ती शक्यता सोडली नाही. तीन चाकांचं काय करायचं, हे तहसीलदारांना लेखी विचारायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

"बरं, उत्पन्न किती लागतं?"

"शहरात वर्षाला ५९ हजारांपर्यंत, खेड्यात ४४ हजार. अख्ख्या घराचं."

"मग हे सगळेच बोगस!" काका इतके खूश झाले की सरकून मला बसायला जागा दिली.

वैताग याचा की हिशोब त्यांचा बरोबर आहे. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. चार घरची धुणीभांडी करणारी बाईही त्यात बसत नाही. ही उत्पन्नाची मर्यादा राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू झाला तेव्हाची, २०१४ च्या सुमाराची; त्यानंतर तेल, गॅस, घरभाडं सगळं हललं, ती हलली नाही. मग दाखल्यावर ज्याचं त्याचं उत्पन्न अठ्ठावन हजार काहीतरी निघतं. एवढी समता महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे सापडायची नाही. वर इष्टांक आहेच. राज्याला मंजूर माणसं ७ कोटी १६ हजार, तीही २०११ च्या जनगणनेवरून. तेवढी भरली की सून आणि नातू दोघंही कार्डाबाहेर, कुणाची तरी जागा रिकामी व्हायची वाट बघत. आणि गेलेल्या माणसाचं नाव कमी करायला कोण धावत जातं? त्यावर उपाय म्हणून ई-केवायसी काढली, कार्डावरच्या प्रत्येकाने आधारवरून ओळख पटवायची. म्हणजे पुन्हा अंगठा.

न राहवून मी विचारलं, "काका, एसटीला तिकीट काढता का?"

"छे! पंच्याहत्तरी झाली ना, पूर्ण माफ. परवाच अक्कलकोटला जाऊन आलो."

"पेन्शन?"

"चाळीस हजार."

"मग तिकीट..."

"ते वेगळं! तो ज्येष्ठांचा मान आहे."

या सगळ्या वेळात काकांची पाठ काट्याकडे होती. काट्यावर प्लास्टिकचं घमेलं ठेवलेलं, आणि ते ठेवल्यावर काटा शून्यावर आणलेला नव्हता. घमेलं ४०० ग्रॅमचं धरा. माणशी ५ किलोने आमचं पाच जणांचं धान्य २५ किलो. दहा, दहा आणि पाच अशी तीन मापं, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास घमेलंच घरी आलं. असली तीनशे कार्डं असली, की ५० किलोची सात पोती. दुकानदाराला विचाराल तर तो म्हणेल, गोदामातून पोतं येतं तेच बारदानासकट मोजून, वर हमालाच्या हुकाने पोतं फाटून सांडतं ते वेगळं, आणि कमिशन क्विंटलवर. घट कुठून भरू? त्यातही तथ्य आहे. कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, तेव्हा मला दुसरीकडे जाता येईल. तिथे दुसरं घमेलं असेल.

मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात बोट याच काचेवर टेकवायचं आहे.

एवढ्यात काकांनी माझ्या पिशवीत हात घातला आणि एक पिवळट दाणा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. "प्लास्टिक!"

प्लास्टिक नव्हे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ कालवून यंत्रातून दाबून काढलेला दाणा तो. किलोमागे दहाएक ग्रॅम असतात. हलके, म्हणून धुताना तरंगतात, आणि लोक ते वेचून टाकतात. सरकारने रक्तवाढीसाठी घातलेलं लोह गटाराला लागतं.

हे सगळं काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "विकणार असाल तर सांगा. आम्ही नाही हो खात, आमच्या टॉमीला दहीभात लागतो. पंधरा रुपये किलोने देतो. पण वजन आमच्या घरच्या काट्यावर. इथलं भरत नाही."