पैसा आहेच, पण तेवढंच नाही

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली पोरं आता फक्त पैसा बघून कॉलेज निवडतात, हे एका लेखात वाचलेलं विधान मला पटलं नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, म्हणजे जाहिराती वगैरेंतून, कमाई करता येते, त्यामुळे पैशाचं वजन वाढलं हे खरंच. पण ट्रॅव्हिस हंटर आठवा. देशातल्या अव्वल शाळकरी खेळाडूंपैकी एक, फ्लोरिडा स्टेट या मोठ्या कॉलेजला येण्याचा शब्द देऊन बसलेला. डिसेंबर २०२१ मध्ये कॉलेजशी अधिकृत सही करायच्या ऐन दिवशी त्याने जॅक्सन स्टेट हे त्यामानाने छोटं कॉलेज निवडलं. तिथे प्रशिक्षक होते डिऑन सँडर्स, एके काळचे नामांकित कॉर्नरबॅक (बचावफळीतले खेळाडू), आणि हंटरही त्याच जागी खेळणारा. पुढे सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठात गेले, तर हाही मागोमाग गेला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी २०२४ मध्ये जिंकली. शिकवणार कोण, पहिल्याच वर्षी मैदानात उतरायला मिळेल का, आपल्या जागेसाठी आधीच किती जण रांगेत आहेत, हे मुलं आणि त्यांचे आईवडील बारकाईने बघतात.

चांगला खेळाडू आपल्याच कॉलेजात येईल अशी आशा चाहत्यांनी जरूर लावावी, मीही लावतो. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराने विचार बदलला म्हणून त्याला ऑनलाइन शिव्या घालायच्या, हे थांबलंच पाहिजे. प्रशिक्षकसुद्धा करार अर्धवट टाकून मोठ्या कॉलेजात जातातच की!