खातं लॉक झालंय, ओ!

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ‘नेट गेलंय’ या दोन शब्दांत काय काय मावतं, ते कंपनीतल्या सगळ्यांची खाती नि पासवर्ड ठेवणारा डायरेक्टरी सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा. प्रिंटरमधला कागद संपला तरी नेट गेलेलं असतं. मॉनिटरची पिन सैल झाली तरी नेटच गेलेलं असतं. आणि चुकीचे पासवर्ड पडून खातं लॉक झालं असेल, तर वर ‘काल चालत होतं की ओ!’ हा आहेर.

गंमत अशी की नेट खरोखर चालू असतं तेव्हाही ते गेलेलंच असतं. कुणीतरी हुशारी करून पीसीच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) ८.८.८.८ हा गुगलचा पत्ता टाकतो, कारण भाच्याने सांगितलेलं असतं की त्याने स्पीड वाढतोय. यूट्यूब पळतं, पण डोमेन, म्हणजे कंपनीचं स्वतःचं जाळं, सापडत नाही. डोमेन कंट्रोलर, म्हणजे तोच डायरेक्टरी सर्व्हर, कुठे बसलाय हे सांगणाऱ्या एसआरव्ही नोंदी फक्त आमच्या आतल्या डीएनएसकडे. शिरोलीतला सर्व्हर बाहेरच्या जगाला कसा माहीत असणार?

घड्याळाचंही तसंच. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला की पीसी कुठल्यातरी जुन्या सालात जागा होतो, आणि लॉगिनच्या वेळी ओळख तपासणारं कर्बेरॉस त्याला दारातूनच परत पाठवतं. मूळ सेटिंगनुसार सर्व्हरच्या घड्याळाशी फरक जास्तीत जास्त ५ मिनिटांचा. ‘रंकाळ्यावर आहे, पाच मिनिटांत आलोच’ म्हणणाऱ्या गावात हा नियम कुणाला पटवायचा?

पण खरा छळ लॉक झालेल्या खात्याचा. अनलॉक करायला दहा सेकंद लागतात. पाच मिनिटांनी ते पुन्हा लॉक. कारण चुकीचा पासवर्ड माणूस टाकतच नसतो. माणूस तिसऱ्या चुकीला घाबरून थांबतो. यंत्राला भीड नसते. पासवर्ड बदलून आठवडा झाला तरी ते जुनाच घेऊन दार ठोठावत राहतं.

शोध सुरू होतो पीडीसी एम्युलेटरपासून. डोमेन कंट्रोलरांतला हा मुख्य, आमचा गावकामगार पाटील. कुठल्याही प्लांटात पासवर्ड चुकला की तिथला कंट्रोलर खात्री करायला याच्याकडे येतो, म्हणून लॉक झालेल्या खात्यांची नोंद याच्या सिक्युरिटी लॉगमध्ये हमखास सापडते: इव्हेंट ४७४०. त्यातल्या ‘कॉलर कॉम्प्युटर नेम’ रकान्यात पीसीचं नाव असेल तर नशीब थोर. त्या पीसीवर साठवलेले पासवर्ड दाखवणारा क्रेडेन्शियल मॅनेजर उघडायचा, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह बघायचे, खातं लॉक झालेल्या साहेबांच्याच नावाने लावलेलं, ठरल्या वेळी आपोआप चालणारं एखादं शेड्यूल्ड टास्क शोधायचं. नाव सर्व्हरचं असेल, तर तिथे रिमोट डेस्कटॉपचं जुनं सेशन बसलेलं असतं. खिडकी क्रॉस केली म्हणजे सेशन संपलं, असं सगळ्यांना वाटतं. ते आत तसंच असतं, लग्नाला येऊन मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखं.

रकान्यात वायफायवाल्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचं नाव आलं की मात्र बूट चढवायचे. म्हणजे वायफाय, आणि वायफाय म्हणजे फोन. रेडियसच्या लॉगमध्ये इव्हेंट ६२७३, कारण क्रमांक १६ (नाव-पासवर्ड जुळत नाही), आणि फोनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक. पूर्वी मॅक मिळाला की चोर सापडायचा. आता फोन वायफायला खोटाच मॅक सांगतात. खोटा ओळखायची खूण सोपी: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई. चोराने तोंडाला रुमाल बांधलाय, एवढं पक्कं कळतं. मग विनंती कुठल्या ॲक्सेस पॉइंटवरून (वायफायच्या डब्यावरून) आली ते बघायचं आणि तिकडे चालत जायचं. तो कधीच एसी केबिनजवळचा नसतो. वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंग शॉपच्या ऑफिसबाहेरचा असतो, वाळूने माखलेला.

“फोन एकच आहे ना तुमचा?”

“एकच.”

“आणि जुना?”

“तो बंद आहे.”

“बंद म्हणजे?”

“म्हणजे ड्रॉवरमध्ये असतोय, चार्जिंगला. क्रिकेटचा स्कोर बघायला लागतोय कधी तरी.”

ड्रॉवरमधल्या त्या बंद फोनला वायफाय विसरायला लावलं, शिरोलीच्या सर्व्हरवर खातं अनलॉक केलं, की पुढचा अंक कागलच्या प्लांटात, कारण तिथला कंट्रोलर वेगळा. तिथे अजून लॉकच. अनलॉक करताना कन्सोलवर (खाती सांभाळायच्या खिडकीत) ‘या डोमेन कंट्रोलरवर खातं लॉक आहे’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. त्यातला ‘या’ कुणी वाचत नाही. दोन साइट्समध्ये माहिती पोचायला मूळ सेटिंगनुसार १८० मिनिटांपर्यंत लागतात. तेवढ्या वेळात माणूस शिरोलीहून सायकल मारत कागलला पोचेल, वाटेत मिसळ खाऊन. ही वेळ १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते, पण घाईच्या वेळी सरळ कन्सोल कागलच्या कंट्रोलरला जोडावा आणि तिथेच अनलॉक करावं.

एवढं झाल्यावर साहेबांना आठवतं, की परचेसचं फोल्डरही उघडत नाही. त्यांना ग्रुपमध्ये घालणं एका क्लिकचं काम. पण तुम्ही कुठल्या ग्रुपात आहात याची चिठ्ठी विंडोज लॉगिनच्या वेळीच बनवतं आणि दिवसभर तीच दाखवत फिरतं. नवी हवी तर लॉगऑफ करून परत आत यायला लागतं.

“लॉगऑफ केलं का?”

“केलं की ओ.”

“कसं केलं?”

“मॉनिटर बंद केला.”